कानमिस्तरींचं टायमिंग

आई-वडिलांचे सोडून माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लातूरच्या वैजनाथ मिस्तरींचं नाव सांगतो. या नावाने त्यांना लातुरात फारसं कुणी ओळखत नाही. कानमिस्तरी म्हटलं, की रिक्षावाला पुढचं काही न विचारता औसा रोडकडे वळतो.

गॅरेजमध्ये गाडी आली की मिस्तरी आधी मालकाला गप्प करत. मालक दोन दिवस मनाशी जुळवून आलेला असे, गाडी कुठे बंद पडली, कुणी ढकलली, मेहुणा काय म्हणाला. मिस्तरी हात वर करत. "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." मग गाडी चालू करायला लावून, डोळे मिटून, बोनेटपासून हातभर अंतरावर उभे राहत. पाच मिनिटांनी डोळे उघडून दोष सांगत. तो बहुतेक वेळा बरोबर निघे. मालकाला मात्र मेहुण्याचं सांगायचं राहून गेल्याची चुटपुट लागे.

मी त्यांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा नांदेडहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन मला एक वर्ष झालं होतं. माझं गाव मुदखेडजवळ. वडील रेल्वे रुळांच्या कामावर ठेकेदाराकडे मजूर. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. नोकरीच्या चार मुलाखतींत नापास होऊन लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्सच्या शंका सोडवायला लागलो होतो. क्लास दुपारी चारला सुरू होई. सकाळी सातपासून खोलीच्या भिंतीपलीकडे इंजिनं ओरडत. तिसऱ्या दिवशी मी तक्रार करायला गेलो. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय शिकलाव?"

मी सांगितलं. तेव्हापासून मी 'इंजिनेर' झालो. सुरुवातीला या शब्दात टोमणा होता. तो कधी गळून पडला ते मला नेमकं सांगता येणार नाही.

त्यांची एक सवय मला पहिल्या आठवड्यातच कळली. मी सकाळी "रामराम मामा" म्हणायचो आणि ते मला "जयभीम" म्हणायचे. मी त्यांचा नमस्कार घेतला होता आणि त्यांनी माझा. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. एकदा चुकून दोघेही "जयभीम" म्हणालो, तर ते थांबले, मला "पुन्हा म्हणा" म्हणाले, आणि मी "रामराम" म्हटल्यावर कामाला लागले.

त्यांची खासियत जुन्या पेट्रोल गाड्यांची. नव्या गाडीत हे काम आतला कॉम्प्युटर करतो आणि मिस्तरींच्या मते तो कुणाचं ऐकत नाही. जुन्या गाडीत पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. इंजिन जोरात फिरू लागलं की ती आणखी आधी पडावी लागते. हे 'आधी' म्हणजेच ॲडव्हान्स. ते कमी पडलं तर गाडी मरगळते आणि तापते. जास्त झालं तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दणका बसतो, आणि चढावर पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा बारीक आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

हे सगळं मी मिस्तरींना पहिल्याच आठवड्यात, खडूने फरशीवर आकृती काढून समजावून सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग समोरच्या अँबॅसिडरकडे बोट केलं.

"ही किती ॲडव्हान्स मागून राहिली?"

मी म्हणालो, ते वेगावर आणि भारावर अवलंबून असतं.

"ते झालं. ही किती मागून राहिली?"

मी पुस्तकातला आकडा सांगितला. त्यांनी आकृतीवर पाणी ओतलं, कारण फरशी धुवायची वेळ झाली होती.

मुलाखतींत मी का नापास होत होतो, ते मला त्या फरशीवर अंधुक दिसलं होतं. घरातला पहिला शिकलेला माणूस 'माहीत नाही' म्हणू शकत नाही. गावात मला बोअरच्या मोटारीपासून तहसीलच्या नोटिशीपर्यंत सगळं विचारलं जाई, आणि मी सगळ्याचं उत्तर देई. वडील शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत असायचे. 'माहीत नाही' म्हटलं तर इतकी वर्षं रुळावर कशाला राबलो, असं त्यांना वाटेल, अशी मला भीती होती. म्हणून मुलाखतीतही मी काही ना काही उत्तर द्यायचोच.

मिस्तरी मात्र दिवसातून दहा वेळा म्हणत, "माहीत न्हाई. बघून सांगतो." मोठमोठ्या गाडीवाल्यांना म्हणत, आणि कुणीही त्यांना कमी समजत नसे.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. आत दोन छोटी वजनं असतात, त्यांना दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. मिस्तरी झाकण काढून आतला रोटर दोन बोटांनी पिळत आणि सोडून देत. तो झटकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळला तर आत मळ, आलाच नाही तर स्प्रिंग गेली. "बाहेर जावं. जोरात जावं. पण सोडलं की घरी आलं पाहिजे." हे म्हणताना ते रोटरकडेच बघत असत. पण त्यांचा मुलगा हैदराबादला होता, आणि मी दोन महिने गावी गेलेलो नव्हतो. त्या रविवारी मी मुदखेडची गाडी धरली.

दुसरी परीक्षा हवेच्या पडद्याची. इंजिनाच्या ओढीने तो पडदा ठिणगीची जागा बदलतो. फाटला की खेळ संपला. मिस्तरी त्याची नळी तोंडात धरून हवा ओढत, टोकावर जीभ दाबत आणि मनातल्या मनात नातवंडांची नावं घेत. नातवंडं सहा होती. सहाव्या नावापर्यंत जीभ खेचलेली राहिली तर पडदा पास. पुढे हैदराबादला सातवं नातवंड झालं, तेव्हा आधी पास झालेल्या दोन गाड्यांचे पडदे त्याच महिन्यात नापास झाले.

सगळं झालं की शेवटी टायमिंग लावायचं. ही त्यांची खरी विद्या. डिस्ट्रिब्यूटर सैल करून जरासा फिरवायचा आणि गाडी रेल्वेपुलाच्या चढावर न्यायची. आवाज नाही आला तर आणखी फिरवायचा, पुन्हा चढावर. "ऐकू येईपर्यंत पुढे न्यायचं, आणि ऐकू आलं की थोडं मागे घ्यायचं." हे 'थोडं' किती, ते त्यांच्या मनगटाला माहीत होतं. पहिल्या पगारातून मी हौसेने टायमिंग लाइट आणला होता. ठिणगीबरोबर उघडझाप करणारा हा दिवा पुलीवरच्या खुणेवर धरला की ॲडव्हान्स किती ते डोळ्यांनी दिसतं. मिस्तरींनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "चांगली टॉर्च हाय," म्हणाले, आणि कपाटात ठेवून दिला.

तो तिथेच राहिला असता, पण आप्पांची गाडी परत आली.

आप्पा म्हणजे एका डाळमिलचे मालक. त्यांच्याकडे वडिलांच्या हातची काळी अँबॅसिडर होती. दर रविवारी ते ती औशापर्यंत नेऊन आणत, वडिलांना फिरवून आणल्यासारखी. गाडी तापते, ओढत नाही, अशी तक्रार होती. मिस्तरींनी टायमिंग लावून दिलं. आठवड्याने गाडी परत आली. मिस्तरींनी स्प्रिंगा बदलल्या, पुन्हा टायमिंग लावलं. पुन्हा परत आली. पडदा बदलला, पुन्हा टायमिंग. चौथ्यांदा आली तेव्हा मिस्तरींच्या पत्नीने, म्हणजे मामींनी, आतून चहाऐवजी पाणी पाठवलं. एवढ्या वर्षांत एकच गाडी एकाच दुखण्यासाठी चौथ्यांदा दारात आलेली त्यांनी बघितली नव्हती.

मिस्तरी म्हणाले, चला, पुलावर. आप्पा गाडी चालवत होते, मिस्तरी शेजारी, मी मागे. चढ लागला आणि ज्वारी पत्र्यावर ओतली जाऊ लागली. आप्पांनी आरशात माझ्याकडे बघितलं. मिस्तरी डोळे मिटून ऐकत होते. पूल संपला.

"काहीच न्हाई," मिस्तरी म्हणाले. "अजून जराशी पुढं चालंल ही."

आप्पा म्हणाले, "मिस्तरी, आवाज येऊन राहिला की."

"आप्पा, मी ऐकून राहिलो ना." मग मान मागे वळवून त्यांनी मला विचारलं, "इंजिनेर, आला का आवाज?"

"नाही मामा," मी म्हणालो.

आप्पांनी गाडी गॅरेजकडे वळवली. त्यांच्या जुन्या मिस्तरीने आणि एका इंजिनिअरने आवाज नाही असं सांगितलं होतं. गाडी गॅरेजमध्ये सोडून ते रिक्षाने गेले.

दुपारी एक ते तीन मिस्तरी झोपत. मी कपाटातून लाइट काढला. आधी रोटर पिळून सोडला, तो घरी आला. नळी तोंडात धरली. मला नातवंडं नव्हती, म्हणून मिस्तरींच्याच सातांची नावं घेतली. पडदा टिकला. मग गाडी चालू करून लाइट पुलीवर धरला. खूण जिथे हवी होती तिथून चांगली नऊ अंश पुढे होती.

दोष सापडल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी पहिला विचार केला तो हा, की खूणच खोटी असेल. जुन्या गाडीत कुणीतरी दुसऱ्या इंजिनाची पुली बसवलेली असू शकते. ते तपासायचं हत्यार मिस्तरींनीच बनवलेलं होतं. एक जुना प्लग पोकळ करून त्यात बोल्ट बसवलेला. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून हा लावायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळू पुढे ढकलायची. पिस्टन बोल्टला टेकून अडला की पुलीवर एक खूण करायची. मग गाडी मागे ढकलायची. दुसऱ्या बाजूने अडला की दुसरी खूण. पिस्टनची खरी वरची जागा या दोन खुणांच्या बरोबर मधोमध. मी केलं. पुलीवरची मूळ खूण बरोबर तिथेच होती.

म्हणजे गाडी खरी होती, लाइट खरा होता. ऐकू येईपर्यंत पुढे न्यायचं, हीच रीत होती. ज्यांना तो बारीक आवाज ऐकूच येत नव्हता, ते पुढेच नेत होते. मिस्तरींचा कान जितका मागे पडत गेला, तितकी लातूरच्या गाड्यांची ठिणगी पुढे सरकत गेली होती.

"किती?"

मिस्तरी मागे उभे होते. गाडी ढकलताना खालची फरशी हादरते, ती त्यांना पलंगावर कळली होती.

"जास्त आहे मामा."

"किती, ते विचारून राहिलो."

"नऊ."

त्यांनी मला बाजूला केलं. बोल्टवाला प्लग पुन्हा लावला. गाडी मी पुढे ढकलली, मागे ढकलली. दोन्ही खुणा त्यांनी स्वतः केल्या, मध्य स्वतः काढला, लाइट स्वतःच्या हाताने धरला. मग इंजिन बंद करून स्टुलावर बसले आणि माझं मनगटी घड्याळ मागितलं.

चार सिलिंडरांपैकी कोणता काम करत नाही हे बघायचं असेल, तर एकेका प्लगची वायर काढून फरक पडतो का ते बघतात. मिस्तरींनी उजव्या कानात बोट घातलं आणि घड्याळ डाव्या कानाला लावलं. मग डाव्यात बोट, घड्याळ उजव्याला. पुन्हा एकदा तसंच केलं, कारण एका तपासणीवर ते कधी निदान करत नसत.

"डावा बंद हाय," ते म्हणाले. "उजवा लंगडून राहिला."

घड्याळ मला परत दिलं आणि लाइट बघून टायमिंग नऊ अंश मागे घेतलं. आतून मामींनी काहीतरी विचारलं. ते मी ऐकलं, त्यांनी नाही.

संध्याकाळी आप्पा आले. मला वाटलं, मिस्तरी काहीतरी जुळवून सांगतील. पेट्रोलचं नाव घ्यायला हरकत नव्हती, सगळेच घेतात. मी तर तशी दोन कारणं तयार करून ठेवली होती. मिस्तरी उभे राहिले.

"आप्पा, गाडीत दोष न्हवता. ती तीनदा सांगून गेली, मलाच ऐकू आलं न्हाई. चूक माझी हाय."

आप्पांनी किल्ली मागितली. ते गाडी घेऊन पुलावरून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, गाडी वडिलांच्या वेळेसारखी ओढून राहिली. मामींनी चहा पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून मिस्तरींनी निरोप धाडायला सुरुवात केली. गेल्या दिवाळीपासून माझ्याकडून टायमिंग लावून नेलेल्या सगळ्या जुन्या गाड्या परत घेऊन या. का, तेही निरोपात असे. मी म्हणालो, मामा, कारण सांगायची गरज नाही. ते म्हणाले, गाडी दोन दिवस सोडून जाणाऱ्या माणसाला कारण कळलं पाहिजे. काही मालकांनी कळवलं की आमची गाडी छान आहे, आवाज वगैरे काही नाही. त्यांना मिस्तरींनी उलट निरोप दिला, "तुम्हाला बी ऐकू येत नसंल. या."

एक महिना आम्ही त्या गाड्या तपासल्या. मी लाइट धरायचो आणि बोटाने दाखवायचो, ते डिस्ट्रिब्यूटर फिरवायचे. त्यांच्या मनगटाचं 'थोडं' अजूनही अचूक होतं. लाइटने दाखवलेल्या जागी ते एका फटक्यात पोचत. त्यातली एक-दोन गिऱ्हाइकं पुढे आली नाहीत. बाकीची येत राहिली, आणि त्यांना कानमिस्तरीच म्हणत राहिली. दुसरं नाव शोधायची तसदी गावाने घेतली नाही.

मुलाने हैदराबादहून येऊन त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलं. मिस्तरींनी ते एक तास लावलं आणि काढून ठेवलं. सगळी भांडी एकदम कानात पडतात, म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते की मशीन कमी-जास्त करून लावावं लागतं, चार-पाच वेळा यावं लागेल. मिस्तरींचं मत वेगळं होतं. "ज्याला टायमिंग माहीत न्हाई, त्यानं माझ्या कानात पेचकस घालायचा न्हाई."

त्याच वर्षी मी नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. समोर तिघे होते. मधल्यांनी विचारलं, एखादी जुनी गाडी चढावर नॉकिंग करते, तर टायमिंग किती अंशांवर लावाल? पुस्तकातला आकडा माझ्या जिभेवर होता. वडील बाहेर बाकावर, इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते.

"माहीत नाही," मी म्हणालो. "बघून सांगतो."

नोकरी गेली असं मला वाटलं. मग मधल्यांनी विचारलं, काय बघाल? मी सांगू लागलो: आधी मालकाला गप्प करीन. पुढचं सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. नातवंडांची नावं मी गाळली.

आज त्या नोकरीला चार वर्षं झाली. लातूर सोडताना मिस्तरींनी मला तो बोल्टवाला प्लग दिला. तुम्हाला लागेल मामा, म्हटलं तर म्हणाले, दुसरा बनवला. गाडी सुटेपर्यंत ते स्टँडवर उभे होते. मी खिडकीतून काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता फोनवर बोलणं होत नाही. मी तब्येत विचारतो, मामी ते ओरडून त्यांना सांगतात, आणि ते कार्बोरेटरचं उत्तर देतात. मोबाइलवर लिहून पाठवलेलं ते वाचत नाहीत. असले मेसेज सगळ्यांनाच येतात, म्हणतात. मामी मात्र गेल्या महिन्यात फोनवर हळू आवाजात एवढंच बोलल्या, की परवा मागून ट्रकने हॉर्न दिला, तो यांना कळला नाही, थोडक्यात वाचले. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय मामा,

रामराम.

पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. चष्मा लावून वाचा, मामींना वाचायला लावू नका. यात एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी आहे.

आप्पांच्या गाडीत, पुलावर, तुम्ही मला विचारलं होतं, आवाज आला का. मी नाही म्हणालो. मामा, आवाज आला होता. पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा स्वच्छ आला होता. त्याच्या आधीही दोन गाड्यांत मी तो ऐकला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा मला कुणालाच खरं सांगायची सवय नव्हती, हेच खरं कारण आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही आप्पांपुढे उभे राहून 'चूक माझी हाय' म्हणालात, आणि मी शेजारी उभा राहून तुमच्यासाठी खोटी कारणं जुळवत होतो. आप्पांच्या गाडीला तुम्ही तीनदा चुकलात. मी तुम्हाला त्याआधीच थांबवू शकत होतो. चूक माझी आहे.

माझ्या वर्गात आता नियम आहे. ज्याला उत्तर येत नाही त्याने 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणायचं. त्याचा एक गुण मिळतो. प्राचार्यांना हे अजून माहीत नाही.

मामींनी ट्रकचं सांगितलं. त्यांना रागावू नका. दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला येतो, सोडलं की घरी यायचं असतं म्हणून. आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ, एकदा नाही, लागेल तितक्या वेळा. पेचकस डॉक्टरांच्या हातात राहील, पण किती फिरवायचं ते तुम्ही सांगायचं. मी समोर बसून बोलत राहीन. ऐकू येईपर्यंत पुढे न्यायचं, आणि ऐकू आलं की थोडं मागे घ्यायचं.

तुमचा,
इंजिनेर